मी फुलर, पायांनी कमावलेलं आडनाव

मी फुलर बोलतोय. माणूस नाही हो, आडनाव. नुसतं आडनाव. माणसं मरतात, पुरली जातात, मी त्यांच्या पोरांच्या मागे चिकटून पुढे सरकतो. हसताय? हसा, हसा. आधी एक पैज लावा.

या गोष्टीत चार माणसं आहेत. शशिकांत पारसनीस, त्याची बायको जयमाला, त्यांची एकुलती एक उत्तरा, आणि कॉलिन फुलर नावाचा एक लांबडा गोरा. माझ्यापायी या चौघांतलं एक माणूस पार धुऊन निघालं. कोण, ते आत्ताच मनात धरून ठेवा. बहुतेक जण चुकतात. चुकलात तर रडू नका, मला रडकी माणसं आवडत नाहीत.

एक सांगून ठेवतो, मला लिहितावाचता येत नाही. लोक मला लिहितात, पण माझं मला कळत नाही कुठे सुरू आणि कुठे संपतो. जपानी लोकांनी लिहिलं की वाटतं कुणाच्या हातून तीन काड्या सांडल्या. पण कान माझे शाबूत आहेत. जिथे माझं नाव निघालं, तिथे मी हजर. पारसनिसांच्या घरी माझं नाव सकाळ-संध्याकाळ निघायचं. मराठी तिथेच शिकलो. शिव्यांसकट.

माझा जन्म इंग्लंडातला. आठशे वर्षं झाली असतील, नऊशे असतील, मला मोजता कुठे येतंय! तिकडे मेंढ्या फार. लोकरीचं कापड मागावरून उतरायचं तेव्हा ते चिकट आणि चाळणीसारखं विरळ असायचं. मग ते एका टबात टाकायचं. वरून शिळं मूत ओतायचं. हो, मूतच. गावभरातून गोळा केलेलं, चांगलं आंबलेलं. आणि त्यात एक गडी गुडघ्यापर्यंत उभा राहून दिवसभर ते कापड तुडवायचा. तेलकटपणा निघायचा, कापड दाट व्हायचं, मऊ व्हायचं. मोठ्या लोकांच्या अंगावर झोकात जायचं. तुडवणाऱ्याच्या पायांचं काय व्हायचं ते विचारू नका.

त्या गड्याला म्हणायचे फुलर. गावात जॉन चार. "कोणता जॉन?" "तो हो, टबातला." झालं, मी चिकटलो. माझे दोन भाऊ आहेत, तेही याच टबातले. इंग्लंडच्या उत्तरेला वॉकर, नैर्ऋत्येला टकर. आज मोठमोठ्या साहेबांच्या मागे टाय लावून हिंडतात, पण तिघांचेही पाय एकाच पाण्यातले.

पुढे नदीवर चाकं आली, चाकांवर लाकडी हातोडे आले, तुडवायला माणूस लागेना. काम गेलं, वास गेला, मी राहिलो. फुलरांची पोरं मास्तर झाली, पाद्री झाली, दुकानदार झाली. पण एक खोड त्यांच्यात राहिली. चार माणसं जमली की हे लोक आपल्या त्या खापरपणज्याची गोष्ट सांगतात आणि आपणच पोट धरून हसतात. ऐकणारेही हसतात. मग सगळे मिळून बिअर पितात. तिकडे एवढंच होतं.

तुमच्यात वेगळं आहे. तुम्ही आडनाव विचारता ते माणूस ओळखायला नाही. त्याला कुठल्या पाटावर बसवायचं ते ठरवायला विचारता. मला हे कळायला वेळ लागला. कॉलिनला तर कधी कळलंच नाही.

आता शशिकांत. मुंबईच्या बँकेतला साहेब, तोक्योला पोस्टिंग, घर हिगाशी-कसाईत, चौथ्या मजल्यावर. त्याचं आडनाव पारसनीस. आम्ही दोघं कधीमधी बोलायचो, आडनावं आडनावांशी बोलतात तसं. मी विचारलं, "तुझं काम काय रे?" तो म्हणाला, "सरकारदरबारी फारसीतली पत्रं लिहायची." मी म्हटलं, "शशिकांतला फारसी येतं?" पारसनीस म्हणाला, "त्याला धड मराठी अर्ज लिहिता येत नाही." दोघंही हसलो. पण त्याला कुणी विचारलं नाही फारसीचं. मला विचारलं टबाचं.

अकरा सालचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा शशिकांत घरीच होता, सर्दी झाली म्हणून. घर हलायला लागल्याबरोबर गडी जेवणाच्या टेबलाखाली. जयमाला स्वयंपाकघरात गॅस बंद करायला धडपडतेय, वरून डबे कोसळतायत, आणि टेबलाखालून आवाज, "अगं, पासपोर्ट घे! पासपोर्ट!" चार दिवसांत दोघं पुण्याला. तिकडे सगळ्यांना सांगितलं, जयमाला फार घाबरली म्हणून आलो.

उत्तरा क्योतोला पीएचडी करत होती. ती म्हणाली, "बाबा, मी येत नाही." विद्यापीठातली पोरं बस करून उत्तरेच्या किनाऱ्यावर निघाली होती, समुद्र घरात शिरून गेला होता तिथला चिखल काढायला. ही त्यांच्यात.

आणि तिथे कॉलिन होता. हाही क्योतोतलाच, जुन्या देवळांच्या लाकडावर संशोधन करणारा. शाळेच्या जिमखान्यात माणसं जमिनीवर झोपत होती. पांघरुणं चिखलाने भरलेली, वीज नाही, मशीन बंद. कॉलिनने बंदरावरून मासे ठेवायचा एक मोठा टब ओढत आणला, पँट गुडघ्यापर्यंत वळली, ब्लँकेटं टाकली आणि लागला तुडवायला. जपानी म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. उत्तराने विचारलं, "थंड नाही का लागत?" तो म्हणाला, "आमच्या रक्तातच आहे." आणि टबाची गोष्ट सांगितली. ती हसली, जीन्स वळवली आणि शेजारी उतरली.

माझं काय झालं असेल त्या क्षणी! शेकडो वर्षं नुसता कागदांवरून हिंडलो, आणि आज पुन्हा पाय, पाणी, लोकर. तिथेच मी ठरवलं, ही पोरगी आपली.

शशिकांत-जयमाला तोक्योला परतले, आणि दोन वर्षांनी उत्तराने घरी सांगितलं. शशिकांत हरखलाच. इंग्रज! क्योतोचा संशोधक! कॉलिन सहज बोलून गेला होता की आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात आहेत. शशिकांतने त्याची जहागीर केली. ऑफिसात सांगितलं, "जुनं घराणं आहे." तोक्योतच ओजिमाला मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं, तिथे नवऱ्यांच्या घोळक्यात म्हणाला, "लॉर्ड वगैरे नसतील, पण त्याच लाइनीतले. फुलर्स ऑफ नॉरफोक." मी कोपऱ्यात उभा राहून पोट धरून हसत होतो.

जयमालाला लॉर्डाशी घेणंदेणं नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेली ही मुलगी. त्या बारा वर्षांत शशिकांतच्या आईने तिला डोहाळजेवणांना पुढे बसू दिलं नव्हतं. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. लेकीचं लग्न आपल्या हाताने लावायचं, आणि पुढे लेकीचं बाळंतपण आपल्या हाताने करायचं. पुण्याहून येताना तिने चांदीचा तांब्या आणि ताम्हण आणलं होतं. लग्नात नवरदेवाचे पाय धुतात ना, बाप धुतो आणि आई वरून पाण्याची धार धरते. ती धार धरायची होती तिला. बस्स. एवढ्यावर जीव.

मेमध्ये पुण्याला लग्न ठरलं. त्याआधी रेखाने केळवण केलं. रेखा म्हणजे त्याच बिल्डिंगमधली, विजयकुमारची बायको. विजयकुमार ट्रेडिंग कंपनीतला, शशिकांतच्या लॉर्डपुराणाने वैतागलेला. जपानी दही रात्रभर टांगून रेखाने श्रीखंड केलं होतं. उत्तराने उखाणा घेतला, टाळ्या झाल्या. मग ती पुऱ्या तळायला आत गेली आणि विजयकुमारने कॉलिनला पकडलं.

"कॉलिन-सान, आमच्यात प्रत्येक सरनेमला काही मीनिंग असतं. तुमच्या सरनेमचं मीनिंग काय हो?"

झालं! फुलराला कुणी हे विचारावं आणि त्याने बसून राहावं? कॉलिन उठला. पँट वर केली. रेखाच्या गालिच्यावर उभा राहून तुडवून दाखवायला लागला. टब किती मोठा, कापड किती जड, सगळं सांगितलं. शेवटी, ठेवणीतला विनोद म्हणून, टबात काय असायचं तेही सांगितलं, आणि सगळे हसतील म्हणून थांबला.

कुणी हसलं नाही. पाटावर शशिकांतची काकू बसली होती, तोक्यो बघायला आलेली. तिने विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

विजयकुमारने शांतपणे भाषांतर केलं. "काकू, म्हणतोय, आमचे पूर्वज मुतात उभे राहून कापडं तुडवायचे. म्हणून आम्ही फुलर."

काकूने वाटी खाली ठेवली. मग हसायला लागले सगळे. पण ते इंग्लंडातलं हसू नव्हतं.

"लॉर्डच्या लाइनीतले म्हणे! लाइन कसली, मोरी!"

"पारसनीस, अहो, लग्नात जावयाचे पाय धुवायचेत तुम्हाला. डेटॉल मी स्पॉन्सर करतो."

विजयकुमारची चैत्राली इथेच वाढलेली, तिने नाक दाबलं आणि ओरडली, "कुसाई! कुसाई!" जपानीत म्हणजे घाण वास येतो. ते मात्र सगळ्यांना भाषांतराशिवाय कळलं.

कॉलिन बिचारा. त्याला वाटलं गोष्ट रंगली. तो पण हसत होता, पँट वर केलेलीच. उत्तरा झारा हातात घेऊन दारात उभी होती. आणि जयमाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड तिने ओळखलं.

घरी आल्यावर शशिकांतने बूट काढले, सरळ लावून ठेवले आणि म्हणाला, "मी त्याचे पाय धुणार नाही."

जयमाला म्हणाली, "अहो, किती जुनं आहे ते. त्याच्या आजोबांनी तरी बघितलंय का?"

"जुनं असलं म्हणून काय झालं? असली कामं कुठले लोक करतात ते तुला माहीत नाही? पुण्यात विचारलं, मुलगी कुणाकडे दिली, तर काय सांगू?"

"इंग्रजाकडे दिली म्हणून सांगा."

"विजयकुमारने सगळ्या ग्रुपवर टाकलंय, टबाच्या चित्रासकट!"

दुसऱ्या रविवारी त्याने कॉलिनला बोलावून घेतलं. उत्तरा शेजारी बसली होती. शशिकांतने ऑफिसातल्या मीटिंगसारखी सुरुवात केली. "सी कॉलिन, इट्स नॉट अ बिग इश्यू. एक पाय धुण्याचा सेरेमनी असतो आमच्यात, त्यामुळे प्रॉब्लेम आहे."

कॉलिन गंभीरपणे म्हणाला, "मी घरूनच धुऊन येईन. साबणाने."

मी फुटलो हसून. उत्तराने कपाळाला हात लावला.

"तसं नाही," शशिकांत म्हणाला. "आडनाव बदल. तुमच्यात चालतं ना? आईचं लाव. आईचं माहेरचं काय?"

"स्किनर."

शशिकांतला इंग्रजी येतं. जनावराची कातडी सोलणारा, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने पाणी प्यायलं. "आणि वडिलांच्या आईचं?"

"बुचर," कॉलिन म्हणाला. आता त्यालाही मजा वाटायला लागली होती. "आईच्या आईचं पण सांगू?"

"नको!"

उत्तरा उठली. "बाबा, त्याचे पाय मी टबात बघितलेत. मी शेजारीच होते. तुम्ही तेव्हा कुठे होता? पुण्यात. आईच्या भीतीच्या नावाखाली." मग ती जयमालाकडे वळली. "आई, तू बोल ना काहीतरी."

जयमाला बोलली नाही. एवढी वर्षं नवऱ्यापुढे बोलली नव्हती, एका रविवारी कुठून बोलणार?

उत्तरा आणि कॉलिनने क्योतोच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन लग्न नोंदवलं. पाच मिनिटं लागली. पाय कुणी धुतले नाहीत. उत्तराने मला लावून घेतलं. हौस नव्हती तिला, राग होता. मला काय, मी रागानेही चिकटतो. शशिकांतला कळलं तेव्हा त्याने बाथरूममध्ये जाऊन डोक्यावरून शॉवर घेतला आणि ओल्या अंगाने बाहेर येऊन म्हणाला, "तिच्या नावाने आंघोळ केली. विषय संपला." जयमालाने लादी पुसली.

तिची एक गोष्ट गेली. दुसरी उरली होती.

वर्षभरात उत्तराचा फोन आला. दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं होतं. शेजारची जपानी बाई रोज विचारायची, बाळंतपणाला माहेरी नाही का जाणार? तिकडच्या बायकाही जातात ना माहेरी. उत्तरा फोनवर म्हणाली, "आई, मी येऊ शकत नाही. तू येशील का?"

जयमालाने डिंकाचे लाडू वळायला घेतले. शशिकांत टीव्हीसमोर होता.

"कुणासाठी?"

"उत्तरासाठी. मी जातेय."

आयुष्यात पहिल्यांदा तिने 'जाऊ का' असं विचारलं नाही. त्याच्याही ते लक्षात आलं.

"गेलीस तर माझं आडनाव इथे उंबऱ्याशी काढून ठेवायचं आणि जायचं."

"लाडू आहेत डब्यात," जयमाला म्हणाली. "चार ठेवलेत तुम्हाला." आणि गेली. मला वाटलं होतं, ही बाई भिजलेल्या कापडासारखी आहे, तुडवा तेवढी मऊ होईल. चुकलो मी.

मुलगी झाली. आर्या. जयमालाने तिला तेल लावलं, शेक दिला, न्हाऊमाखू घातलं, उत्तराला खसखशीची खीर करून घातली. कॉलिनला म्हणाली, "बसा, पाय चोळून देते, दिवसभर उभे असता." तो लाजला. तीन महिने त्या बाईच्या तोंडावर जे होतं ते मी कुठल्या फुलरीणबाईच्या तोंडावर बघितलं नाही. शशिकांत फोन उचलत नव्हता. ती म्हणायची, "चिडलेत. मी गेले की निवळतील. मला ठाऊक आहेत."

ती हिगाशी-कसाईला परत आली. चौथा मजला. किल्ली लागेना. आतून एका जपानी बाईने दार उघडलं आणि वाकून नमस्कार केला.

खालच्या मजल्यावरून रेखा धावत आली. "वहिनी! तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? त्यांनी बदली मागून घेतली. गेल्या महिन्यातच पुण्याला गेले."

"आणि माझं सामान?"

रेखा जमिनीकडे बघायला लागली. "ते... टाकलं हो. अगदी नीट वर्गवारी करून. साड्या, उशा, स्वेटर जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी. डबे, कढया न जळणाऱ्याच्या दिवशी. पिशव्या आमच्या ह्यांनीच खाली नेऊन दिल्या, तुमच्या ह्यांची कंबर दुखत होती ना. आम्हाला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल."

विजयकुमार मागे उभा होता. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

जयमाला रडली नाही. तिने रेखाला विचारलं, "कोपऱ्यावरच्या कोनबिनीत चहा मिळेल का गं?" आणि बॅग ओढत त्या दुकानाकडे गेली.

तुम्ही म्हणाल, मग क्योतो होतंच की. लेक, जावई, नात. मीही तेच म्हटलं. पण जपानात राहायला व्हिसा लागतो, आणि जयमालाचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. नवरा देश सोडून गेला, बायकोचा मुक्काम संपला. कॉलिनने चार ऑफिसं पालथी घातली. सगळीकडे माणसं वाकून नमस्कार करायची आणि नाही म्हणायची. मुलीच्या आईसाठी असला व्हिसाच नसतो म्हणे. शेवटी तिला निरोप देताना कॉलिन स्टेशनवर तिच्या पाया पडला. तिने घाईने पाय मागे घेतले.

आता कोण कुठे आहे ते सांगतो आणि माझं तोंड बंद करतो.

मी मजेत आहे. क्योतोच्या एका दारावर मी आहे, आणि आर्याच्या शाळेच्या पिशवीवरही. तिला टबाची गोष्ट येते. वर्गात जपानीत सांगते, पोरं लोळतात हसून.

शशिकांत पुण्यात आहे, कंबर बरी आहे. सकाळी बागेत फिरायला जातो. तिथे विजयकुमारला ओळखणारं कुणी नाही. बाकावर म्हातारे विचारतात, "मुलगी कुठे दिली?" तो छाती काढून म्हणतो, "जावई इंग्रज आहे. फुलर. जुनं घराणं." म्हातारे वा वा करतात. "आणि वहिनी?" "ती तिकडेच असते हो, नातीत रमलीय." मी शेजारी उभा असतो. आठशे वर्षांत माझा इतका मान कुणी ठेवला नाही.

जयमाला सांगलीत आहे, भावाकडे, मागच्या खोलीत. नवऱ्याने तिला पुण्याच्या घरात घेतलं नाही. भावजय वाईट नाही, पण पाहुणा म्हातारा झाला की त्याला कुठे ठेवायचं ते तिला कळत नाही. क्योतोहून रविवारी व्हिडिओवर फोन येतो. आर्याला मराठी येत नाही. जयमालाला जपानी कधी आलं नाही, तिला दुकानात बोट दाखवून भाजी घ्यायची सवय. दोघी एकमेकींकडे बघत बसतात. आर्या थोडा वेळ हात हलवते, मग आईला म्हणते, "ओवात्ता?" म्हणजे, झालं का? उत्तरा म्हणते, थांब अजून जरा. जयमालाला वाटतं, नात काहीतरी गोड बोलली. ती हसते, मान हलवते, आणि आर्या फोन बंद करते.